बाईला एकच दुखणं?

बायका आपलं दुखणं सांगत नाहीत, हे डॉक्टरांचं जुनं गाऱ्हाणं. घरातल्या सगळ्यांची औषधं आपल्याला तोंडपाठ. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी, मुलाचा दम्याचा फवारा, ह्यांचं साखरेचं पथ्य. आणि स्वतःचं कुणी विचारलं की "मला काय धाड भरलीय!" म्हणून आपण उठतो नि गॅस बारीक करायला जातो. हसलात ना? म्हणजे तुम्हीही त्यातल्याच. मी तर आहेच.

पण समजा, एखादीने धीर करून सांगितलंच, तर ते सांगितलेलं नीट ठेवायचं कुणी? आज मला लिहायचंय ते या ठेवण्याबद्दल. विषय जरा यंत्रातला आहे. पीएचपी, डेटाबेस असले शब्द मधूनमधून येतील. पण घाबरून पान उलटू नका बरं का. जिला मिसळणाचा डबा लावता येतो, तिला हे सगळं कळतं.

मी एका बँकेत 31 वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतर दुपारची झोप येईना, तेव्हा भाचीच्या मागे लागले आणि तिच्याकडून पीएचपी शिकले. घरात थट्टा झाली. "आता आजी काय रॉकेट उडवणार?" नातू म्हणाला. रॉकेट नाही रे बाबा, साधी कामाची भाषा आहे ती. पडद्यावर आपण जो अर्ज भरतो तो उचलायचा, आत न्यायचा आणि जागेवर ठेवायचा, हे काम पीएचपीचं. रास्मुस लेरडॉर्फ नावाच्या गृहस्थाने 1994 साली स्वतःच्या पानापुरती ती लिहायला घेतली आणि 1995 साली सगळ्यांना खुली केली. तेव्हा तिच्या नावाचा अर्थच 'पर्सनल होम पेज' असा होता. म्हणजे जन्माने घरगुती!

आणि ती जिथे नेऊन ठेवते ती कोठी म्हणजे डेटाबेस. आमच्या कोठीचं नाव मायएसक्यूएल. त्यातलं 'माय' म्हणजे 'माझं' असं मी कितीतरी दिवस समजत होते, आणि भाचीही तसंच समजत होती. मग वाचनात आलं की ते एका मुलीचं नाव. फिनलंडच्या मायकेल विडेनियस यांच्या थोरल्या लेकीचं. पुढे 2009 साली त्यांनी त्याच वळणाची दुसरी कोठी काढली, तिला धाकट्या लेकीचं नाव दिलं, मारियाडीबी. लेकीचं नाव बंगल्याला देणारे बाप आपल्याकडेही आहेत, म्हणून मला हे गृहस्थ एकदम ओळखीचे वाटले.

तर मुद्द्यावर येते. 2024 सालच्या जानेवारीत आमच्या ठाण्यातल्या महिला मंडळाने बायकांसाठी आरोग्य तपासणीचं शिबिर ठरवलं. कोणत्या डॉक्टरांना बोलवायचं ते आधी कळावं म्हणून मोबाइलवर भरायचा एक अर्ज सगळ्यांना पाठवला. नाव, वय, फोन, आणि खाली 'आपल्याला यांपैकी कोणते त्रास आहेत?' असं विचारून बारा चौकटी. हवी तिथे टिचकी मारायची, हव्या तितक्या मारायच्या. ही यादी आमच्या डॉक्टरीणबाईंनी करून दिली होती. जे सगळ्यांत आधी बघायला हवं ते त्यांनी सगळ्यांत वर घातलं. पहिली चौकट 'स्तनात गाठ जाणवते', दुसरी 'अंगावरून जास्त जाते', आणि अशी उतरत उतरत शेवटची, बारावी, 'गुडघेदुखी'. अर्ज पडद्यावर आणण्याचं काम पैसे देऊन एका तरुण मुलाकडून करून घेतलं होतं. मुलगा हुशार, पण घाईतला.

आठवड्याभरात 112 अर्ज आले. मंडळाच्या बैठकीत गोषवारा वाचला गेला. गुडघेदुखीवाल्या निम्म्याहून जास्त, त्याखालोखाल कंबरदुखी, थोडी साखर, थोडा रक्तदाब. आणि स्तनातल्या गाठीपुढे शून्य. "चला, सुटलो!" कुणीतरी म्हणालं. "मग त्या सर्जनबाईंना कशाला त्रास द्यायचा? हाडांचे डॉक्टर दोन बोलवू." सगळ्यांना पटलं. चहा आला.

मी मात्र कागद हातात धरून बसले. बेरीज केली. बायका 112, आणि तक्रारींची बेरीजही बरोबर 112. बँकेत आमचे जुने हेडक्लार्क सांगायचे, हिशेब जुळला नाही तर चूक शोधा. नको तितका जुळला तर आणखी शोधा. अहो, चाळिशी ओलांडलेली एक तरी बाई दाखवा मला, जिला एकच दुखणं आहे! इथे तर 112 जणींना एकेकच. तसं असतं तर आमच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलायला विषयच उरला नसता.

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी स्वतःच्या नावाने अर्ज भरला. चार चौकटींवर खुणा केल्या. मग त्या मुलाला फोन करून डेटाबेसमध्ये बघायला लावलं. "काकू, तुमची गुडघेदुखी आलीय." आणि बाकीच्या तीन? "एवढंच दिसतंय."

आता हे कसं झालं ते ऐका. खरी गंमत इथेच आहे. अर्जातल्या प्रत्येक चौकटीला आतून एक नाव द्यावं लागतं. या बाराही चौकटींना त्या मुलाने एकच नाव दिलं होतं, 'त्रास'. ते एका परीने ठीकच. तुम्ही पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या चौकटीवर खूण केलीत, तर मोबाइल बिचारा इमानाने सगळं पाठवतो: त्रास एक, त्रास सहा, त्रास बारा. पण पलीकडे पीएचपी 'त्रास' नावाची एकच वाटी घेऊन उभी असते. एक आला, वाटीत घातला. सहा आला, आधीचा ओतून दिला आणि सहा घातला. बारा आला, सहा ओतला. शेवटी वाटीत उरला बारा. तक्रार नाही, ओरडा नाही. 'आपला अर्ज मिळाला, धन्यवाद' असं पडद्यावर वर आणखी येतं.

उपाय किती लहान! चौकटीच्या नावापुढे उघडता आणि मिटता असा चौकोनी कंस लावायचा, मधे काही नाही, रिकामा. तेवढ्याने पीएचपीला कळतं की इथे एक वाटी पुरायची नाही, ओळीने वाट्या मांडायला हव्यात. अशा ओळीने मांडलेल्या वाट्यांना त्यांच्या भाषेत 'अ‍ॅरे' म्हणतात. मग एक, सहा, बारा तिन्ही आपापल्या वाटीत सुखाने राहतात. दोन चिन्हं. टाक्याच्या दोन गाठी म्हणा ना. त्या घातल्या नाहीत म्हणून सगळी शिवण उसवली.

आणि मोबाइल खुणा पाठवतो त्या कागदावरच्या क्रमाने, वरून खाली. तुम्ही आधी कशावर खूण केली याला महत्त्व नाही. म्हणजे बघा, डॉक्टरीणबाईंनी जे सर्वांत महत्त्वाचं म्हणून सर्वांत वर घातलं, तेच सगळ्यांत आधी ओतलं जात होतं. गुडघ्याने गाठ झाकून टाकली.

कुणी म्हणेल, जिला गाठीचीच काळजी आहे ती तेवढीच खूण करील, मग ती राहील की. नाही हो. बायकांची रीत तशी नाही. अवघड गोष्ट सांगायची तर तिच्या शेजारी आपण एक साधी गोष्ट ठेवतो. डॉक्टरांकडेही आधी गुडघ्याचं सांगतो, आणि उठता उठता, दाराशी जाऊन, "आणखी एक विचारायचं होतं..." असं होतं की नाही? अर्जातही तसंच. वरच्या चौकटीवर हळूच खूण, आणि खाली गुडघेदुखीवर ठसठशीत. म्हणजे कुणी पाहिलं तरी नजर आधी गुडघ्यावर जावी.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा घरी आला. कंस लावला. म्हणाला, "काकू, आता सगळे त्रास कॉमा टाकून एकाच रकान्यात ठेवतो. पाच मिनिटांचं काम." मी म्हटलं, "थांब रे, आधी चहा घे." आणि मिसळणाचा डबा त्याच्यापुढे ठेवला. मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, मेथ्या, प्रत्येकाची वेगळी वाटी. "हे सगळं एका बरणीत भरलं तर जागा वाचेल की नाही? मग फोडणीच्या वेळी त्यातून जिरं तेवढं काढून दे मला."

तो हसला, पण त्याला पटेना. मग मी कागदावर मांडून दाखवलं. समजा एकीच्या रकान्यात '6,12' आहे आणि दुसरीच्या '1,12'. आता गाठ किती जणींना, म्हणजे 1 कुणाकुणाच्या रकान्यात आहे, हे शोधायला सांगितलं, तर 10, 11 आणि 12 यांच्यातलाही एक सापडणार. सगळ्या गुडघेवाल्या गाठीच्या यादीत येऊन बसणार! काल शून्य होत्या, आज निम्मं ठाणं. शिवाय तो रकाना त्याने ठेवला होता वीस अक्षरांचा. बाराही त्रास स्वल्पविरामांसकट लिहिले तर 26 अक्षरं होतात. पूर्वी ही कोठी जागा पुरली नाही की शेपूट मुकाट्याने कापून टाकी. 2015 नंतरच्या आवृत्त्या, मुद्दाम सैल सोडल्या नाहीत तर, निदान तक्रार करतात. यावर उतारे आहेत, नाही असं नाही. जे नुसतं ठेवायचं, पुन्हा कधी निवडायचं मोजायचं नाही, ते एका गाठोड्यात बांधून ठेवलं तरी चालतं. पण आम्हाला मोजायचंच होतं.

मग तीन वह्या केल्या. डेटाबेसमध्ये त्यांना टेबलं म्हणतात, मी वह्याच म्हणते. पहिलीत बायका, प्रत्येकीला एक क्रमांक. दुसरीत त्रास, प्रत्येकाला एक क्रमांक. आणि तिसरीत फक्त जोड्या: या क्रमांकाच्या बाईला या क्रमांकाचा त्रास. एका ओळीत एकच जोडी. चार त्रास असतील तर चार ओळी, एकही नसेल तर एकही ओळ नाही. तीच जोडी दोनदा लिहायला कोठीच मनाई करते. आता गाठ किती जणींना, हे एका दमात मोजता येतं. उद्या तेरावा त्रास निघाला तर दुसऱ्या वहीत एक ओळ वाढवायची, बाकी काही मोडायचं नाही. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली एक निबंध लिहून या पद्धतीचा पाया घातला. एका खणात एकच गोष्ट, हा त्यातला पहिला धडा. आपल्या आज्यांना तो निबंधावाचून ठाऊक होता, पण कॉडसाहेबांनी तो गणिताने मांडला, हे त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

एवढं झालं, तरी आधीच्या खुणा गेल्या त्या गेल्याच. सर्व्हरच्या नोंदीत अर्ज आल्याची वेळ असते. अर्जाच्या पोटात काय होतं ते सहसा नसतं. तेव्हा 112 जणींना पुन्हा विचारणं आलं. आम्ही सातआठ जणींनी फोन वाटून घेतले. बहुतेकींनी हसत हसत पुन्हा अर्ज भरला. "अगंबाई, पाच लिहायचे होते, एकच घेतला होय!" म्हणाल्या.

माझ्या वाट्याच्या यादीत एक बाई होत्या, साठीच्या आसपास. त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "ताई, मी एकदा सांगितलं होतं. परत नाही सांगणार." आणि फोन ठेवला.

मला त्या वाक्याने रात्रभर झोप लागली नाही. त्यात राग नव्हता. किती दिवस मनाशी घोळवून, घरात कुणी नसताना, चष्मा लावून त्यांनी ती खूण केली असेल! आणि आम्ही ती ओतून दिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे गेले. इकडचं तिकडचं बोलले. निघताना म्हटलं, "काय ते मला सांगू नका. सर्जनबाई येणार आहेत, त्या एकट्याच आत असतील. तुमचं नाव घालू का?" त्या बराच वेळ हातातला पदर पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "घाला."

सर्जनबाई आल्या. त्या बाई आत जाऊन आल्या. पुढचं त्यांचं त्यांच्यापाशी, ते काही मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, दुरुस्त केलेल्या अर्जात पहिल्या चौकटीपुढे शून्य नव्हतं.

पण त्या भेटीतून अर्जाला एक नवी चौकट मिळाली. 'समोरासमोर सांगेन.' त्यावर किती खुणा झाल्या म्हणता! आणि तिच्या जोडीला आणखी एक, 'यांपैकी काहीही नाही.' ही कशासाठी? तर मोबाइल न केलेल्या खुणा पाठवतच नाही. खूण नसेल तर पीएचपीला 'त्रास' हे नावसुद्धा ऐकू येत नाही. मग त्या बाईला त्रास नाही, की सांगायचा नाही, की तिथवर वाचलंच नाही? यंत्राला तिन्ही सारखंच. घरातही बाई गप्प आहे म्हणजे तिचं सगळं ठीक आहे, असं समजणारी माणसं असतातच की. निदान अर्जाने तरी तसं समजू नये. म्हणून 'नाही' म्हणायलाही चौकट हवी.

आणखी एक खाचखळगा. कुणी नंतर फोन नंबर बदलायला आपला अर्ज उघडला, तर आधीच्या खुणा जागच्या जागी दिसल्या पाहिजेत. दिसल्या नाहीत आणि तिने तसाच अर्ज पाठवला, तर यंत्र समजणार की हिची सगळी दुखणी पळाली! आणि दुरुस्ती ठेवताना जुन्या जोड्या काढणं नि नव्या लिहिणं हे एकाच घासात व्हावं लागतं. दोन्ही होतील, नाहीतर दोन्ही नाहीत, अशी सोय कोठीत असते. नाहीतर जुन्या पुसल्या आणि तेवढ्यात वीज गेली, असं व्हायचं. बाहेरून आलेला क्रमांक आपल्याच यादीतला आहे ना, हेही तपासायचं. अनोळखी माणसाला आपण थेट स्वयंपाकघरात नेत नाही, त्यातलंच हे.

तीन वह्यांचा एक फायदा मला मागाहून उमगला. शिबिराच्या दिवशी दाराशी बसणाऱ्या मुलींना फक्त पहिली वही द्यायची, नाव आणि वेळ. कुणाला काय त्रास आहे ती जोडीची वही डॉक्टरांपुरती. एकाच रकान्यात सगळं कोंबलेलं असतं तर यादी हातोहात फिरली असती आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतीला कळलं असतं. 2023 साली आपल्या देशात वैयक्तिक माहिती जपण्याबद्दल कायदा झाला आहे. पण कायदा नसता, तरी दुसरीने विश्वासाने सांगितलेलं चव्हाट्यावर न्यायचं नाही, एवढं आपल्याला कळतंच. शिबिर झाल्यावर आम्ही ती तिसरी वही पुसून टाकली. काम झालं, ठेवायची कशाला?

तुमच्या मंडळाचा, भिशीचा, शाळेच्या पालकसंघाचा असा काही अर्ज कुणी करून देणार असेल, तर पैसे चुकते करण्याआधी एवढं बघा. शितावरून भाताची परीक्षा होते. तीन चौकटींवर खुणा करून पाठवा, आणि तिन्ही ठेवल्या गेल्यात का ते दाखवायला सांगा. सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत खालची त्यांत असू द्या. मग एकही खूण न करता पाठवून बघा. मग तोच अर्ज पुन्हा उघडा, एक खूण काढा, एक नवी करा, आणि काढलेली गेली ना, नवी आली ना, बाकीच्या राहिल्या ना, ते पाहा. पीएचपीचं अक्षर येत नसलं तरी ही परीक्षा घेता येते. दहा मिनिटं पुरतात, कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो आटोपतं.

आणि जाता जाता, दाराशी थांबून सांगते तसं सांगते. स्तनात गाठ लागली तर घाबरून जाऊ नका. पुष्कळ गाठी साध्या निघतात. पण आज आपल्या देशातल्या बायकांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे, आणि तो लवकर कळला तर उपचार सोपे जातात. तेव्हा अर्जाची वाट बघू नका. दाखवून या. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर गुडघ्याचं नंतर सांगा.